मिरचीच्या देठाचं दही

ऑफिसात केक कापला जात असताना माणसाने तोंड फक्त खाण्यासाठी उघडावं, बोलण्यासाठी नाही. एवढं एक पथ्य मी पाळलं असतं तर आमच्या काळाचौकीच्या घरात पुढे जे रामायण झालं ते टळलं असतं, आणि आज हे लिहायच्या वेळेला मी आरामात पाय पसरून पडलो असतो. आता लिहितोय ते शेंगदाणे भिजेपर्यंतचा वेळ आहे म्हणून. शेंगदाण्यांचं काय ते कळेलच.

तर झालं असं की आमच्या परळच्या ऑफिसात नव्या मॅडम आल्या. रंजिता मॅडम. (ज्या गिरणीत आमच्या वडिलांनी, म्हणजे कुशाबांनी, उभा जन्म साच्यावर काढला, तिच्याच जागेवरच्या काचेच्या इमारतीत मी एसीत बसून जांभया देतो. प्रगती म्हणतात ती हीच.) मॅडम मूळच्या दादरच्या, पण पुष्कळ वर्षं बाहेरगावी काढलेल्या. त्यांच्या स्वागताचा केक कापला आणि त्यांनी स्वतः मात्र घेतला नाही. म्हणाल्या, "मी व्हीगन आहे. दूध, दही, तूप, अंडं, काहीच नाही. तुम्ही घ्या ना."

इथे कोणीही शहाणा माणूस "अरे वा" म्हणून दुसरा तुकडा घेतो. पण त्याच सकाळी शेजारच्या टेबलावरच्या राजरत्नने माझ्या कानात सांगितलं होतं की चंद्रपूरच्या शाखेत सीनियर माणूस पाठवायचाय, आणि कुणाला पाठवायचं ते मॅडम ठरवणार. सीनियर माणूस म्हणजे ऑफिसात मी एकटाच. बाकी सगळी पोरं. घरी म्हातारी आई, बायकोचं, म्हणजे सुभद्राचं, माहेर कफ परेडच्या मच्छीमार नगरात, आणि मी चंद्रपुरात एका खोलीवर वरणभात लावतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी बोलून गेलो, "मॅडम, मीपण व्हीगनच."

(हे बोलताना माझ्या मिशीला क्रीम लागलं होतं की नव्हतं, यावर माझं आणि राजरत्नचं अजून एकमत नाही.)

मॅडमचा चेहरा असा खुलला की मला माझीच लाज वाटली. "खरंच? आपल्याकडे पहिल्यांदाच कोणीतरी भेटलं. मग दह्याचं काय करता हो तुम्ही? मला बाकी कशाची आठवण येत नाही, चीज नको, आइस्क्रीम नको. पण दहीभात... आई गेल्यापासून तर फारच. बाजारातलं आणून बघितलं, खोबरेल खाल्ल्यासारखं लागतं."

"आम्ही घरीच लावतो," मी म्हणालो. एकदा घसरगुंडीवर बसल्यावर मधे थांबता येत नाही.

"घरी? आणि चव?"

"म्हशीच्या दह्याच्या तोंडात मारेल. या ना एकदा घरी."

आता बघा, "या एकदा घरी" हे आमंत्रण नसतं हे मुंबईत शेंबड्या पोरालाही कळतं. बोलणं संपवायची ती पद्धत आहे. समोरच्याने "येऊ की एकदा" म्हणायचं आणि दोघांनी सुखाने आयुष्यभर एकमेकांकडे जायचं नाही. पण मॅडम इतकी वर्षं बाहेर राहिलेल्या. त्यांनी मोबाइल काढला आणि विचारलं, "पुढचा रविवार चालेल?"

घरी येऊन सुभद्राला सगळं सांगितलं. ती कोळ्यांची मुलगी. तिच्या घरात देवाला नारळ आणि माणसाला मासा, एवढंच ठाऊक. तिने मुकाट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दूध-तूप चालत नाही ते कळलं. मासे चालतील ना?"

"अगं, प्राण्यांचं काहीच चालत नाही."

"मासा कुठे प्राणी? मासा म्हणजे मासा."

"सुभद्रा, जरा समजून घे, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"आणि तुम्हीही व्हीगन, असं सांगून आलात? काल बांगड्याचं डोकं चोखत कोण बसलं होतं?"

आई कोपऱ्यात जप करत होती. तिचं नाव जाईबाई, पंच्याऐंशीच्या घरातली, सगळी हयात मुंबईत काढून बोली मात्र मालवणीच. जपमाळ थांबवून तिने विचारलं, "उपास कसलो हा तिचो?"

"उपास नाही गं आई."

"मगे किती दिस खावचा नाय?"

"आयुष्यभर."

आईचा चेहरा एकदम गंभीर झाला. "म्हणजे नवस बोललेली असतली. नवसाक माणूस आवडीची वस्तू सोडता. कसलो नवस, ता कोणी इचारूचा नाय हां." आणि तिने मॅडमसाठी तिथूनच हात जोडले. मी समजवायला गेलो, पण आईच्या मनात एकदा बसलेली गोष्ट उठवणं हे आमच्या खानदानात कुणाला जमलेलं नाही.

सुभद्राने हात वर केले. "तुम्ही घातलेला घोळ, तुम्हीच निस्तरा. बाकी स्वयंपाक मी करीन, दह्याला हात लावणार नाही."

मग मी कामाला लागलो. आधी चहापासून सुरुवात केली, म्हटलं सोपं आहे. सोयाचं दूध आणलं, ते चहात टाकल्याबरोबर फाटलं. ओटचं आणलं, तर आईने एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि विचारलं, "ह्यो च्या हा काय पेज?" पनीरच्या जागी टोफू आणला, तो मी परतला, तळला, मसाल्यात घोळवला, आणि शेवटपर्यंत तो आपला भिजलेल्या खोडरबरासारखाच राहिला. गंमत म्हणजे त्याच वेळी सुभद्रा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नारळाचं दूध काढून सोलकढी करत होती, आई गूळ आणि नारळाचा रस घालून तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे करू या म्हणत होती, आणि ह्यातलं काहीही व्हीगन असू शकतं हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आमच्याकडे त्याला रोजचं जेवण म्हणतात. व्हीगन म्हणजे जे महाग पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतं आणि कुणाला आवडत नाही ते, अशी माझी समजूत होती.

पण जेवणाचं काय, ते निभावलं असतं. मॅडम येणार होत्या ते दहीभात खायला. दही हवं होतं.

मोबाइलवर शोधता शोधता एक व्हिडिओ सापडला. कच्चे शेंगदाणे भिजवा, सालं काढा, वाटून गाळा, ते दूध उकळून कोमट करा, आणि विरजण म्हणून त्यात मिरचीचे चार-पाच देठ टाका. दही लागतं. मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मिरचीचे देठ. मिरची नव्हे, देठ. आणि मी राहतो कुठे? लालबागच्या मिरची गल्लीपासून चार पावलांवर, जिथे मसाला कुटायच्या डंकासमोर बायका पोत्यावर बसून सकाळपासून मिरच्यांचे देठच खुडत असतात. अख्ख्या मुंबईत हे दही लागावं अशी जागा देवाने मला दिली होती. मी पिशवी घेऊन निघालो.

गंगुबाई म्हणून एक बाई तिथे बसतात, त्यांच्यापुढे देठांचा ढीग पडला होता. मी विचारलं, "हे देठ मिळतील का?"

"मिरची पायजे का?"

"नाही, फक्त देठ."

त्यांचे हात थांबले. शेजारणीचेही थांबले. "आमी फेकतो ती. सगळी न्या की. पर कशापायी?"

"दही लावायचंय."

गंगुबाईंनी माझ्याकडे जरा मायेनेच बघितलं. "घरी वैनी हायती ना तुमच्या? एकलेच न्हाई ना राहत?"

त्यांच्या हसण्याकडे लक्ष न देता मी पिशवी गच्च भरून आणली. आता व्हिडिओतली बाई म्हणाली होती चार-पाच. पण ती बिचारी कुठल्या तरी शहरात हिरव्या मिरच्या विकत आणून एकेक देठ मोजणारी. आपल्याकडे माल फुकट आणि मुबलक, मग हात आखडता का घ्यायचा? मी दोन मुठी टाकल्या. देठांबरोबर लवंगी मिरचीचे तुकडे होते, बिया होत्या, तळाशी लाल भुकटी होती. (लालबागची मिरची काय असते हे मी लहानपणापासून शिंकत आलोय. तरीही टाकल्या.)

सकाळी झाकण काढलं तर दही लागलेलं. नुसतं लागलेलं नाही, चमचा उभा राहील असं घट्ट. मी नाचायचाच बाकी होतो. सगळ्यांना उठवलं, स्वतः मोठा चमचा भरून तोंडात घातला. पुढचा काही वेळ मी घरात होतो पण कुणाशी बोलू शकत नव्हतो. कानातून वाफ निघते म्हणतात ती खरी असते. सुभद्राने साखर दिली, गूळ दिला. आईने करंगळीचं टोक बुडवून चाटलं आणि निर्णय दिला, "झिला, ह्यां दही न्हय, ह्यां तिखला."

तिखलं म्हणजे आमचं बांगड्याचं झणझणीत कालवण. बांगड्याशिवाय ते आमच्या घरात पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या वेळी मी घाबरून एकच देठ टाकला, तोही साबणाने धुऊन. दही लागलं नाही, फेस मात्र आला. तिसऱ्या वेळी दूध कोमट करायच्या ऐवजी कढत राहिलं आणि देठ शिजले. असं करत करत शनिवार उजाडला. संध्याकाळी मी ओट्यापुढे डोकं धरून बसलो होतो. डोळ्यांपुढे चंद्रपूर दिसत होतं. शेवटी मी सुभद्राला हळूच म्हणालो, "कोपऱ्यावरच्या डेअरीतून साधं दही आणतो. भातात कालवल्यावर काय कळणार आहे?"

सुभद्रा भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. "काय म्हणालात?"

"नाही, म्हणजे एक दिवसाचा प्रश्न..."

"ती बाई आईच्या आठवणीने जेवायला येतेय. तुमच्या शब्दावर विसंबून येतेय. आपण घरी बोलावलेल्या माणसाच्या ताटात फसवाफसवी करायची? माझ्या बापाने टोपलीतलं शिळं म्हावरं कधी ताजं म्हणून विकलं नाही. बदली झाली तर झाली, जाल चंद्रपूरला. हे नाही करायचं." मग पदर खोचून म्हणाली, "सरका बाजूला."

मी सरकलो. इतकं मनापासून मी आयुष्यात कधी सरकलो नसेन. तिने शेंगदाण्याच्या दुधात नारळाचं पहिलं दाट दूध मिसळलं, बोट बुडवून ऊब बघितली, हिरव्या मिरच्यांचे टोपीसकट देठ पुसून त्यात सोडले, आणि सगळं चिनी मातीच्या बरणीत घालून ती बरणी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. ही बरणी आमच्याकडे एरवी कोळंबीच्या लोणच्याची, आईच्या भाषेत सुंगटाच्या लोणच्याची. पण सुभद्राने ती आधी कडकडीत पाण्याने, चिंचेने, परत पाण्याने धुऊन घेतली होती.

रविवारी पहाटे तिने बरणी काढली. पांढरं, आंबटगोड, मऊ दही. मी चाखलं आणि मला खरोखर रडू आलं. आता रडण्याचं कारण तिखट नव्हतं. बरणी फ्रिजमध्ये ठेवली. फ्रिजमध्ये आईच्या रोजच्या म्हशीच्या दह्याचा स्टीलचा डबाही होता, पण बरणी ती बरणी आणि डबा तो डबा, चुकायचं कारण नव्हतं. मी निश्चिंत मनाने अंघोळीला गेलो.

मेव्हण्याला, म्हणजे सुभद्राच्या भावाला, जगनला, मी फोन करून बजावलं होतं की आज येऊ नकोस, पाहुण्या व्हीगन आहेत. तो मॅडमच्या आधीच हजर. हातात पिशवी, पिशवीत पापलेट. "दाजी, पावनी येनार न् घरान म्हावरा नाय? मना नाय पटला." त्याच्या लेखी पाहुण्याला मासळीवाचून जेवू घालणं म्हणजे अपमान. पिशवी शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये कोंबून मी त्याला कोपऱ्यात बसवलं आणि तोंड उघडू नको म्हणून हात जोडले.

मॅडम आल्या. जमिनीवर पाट मांडले होते. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, शिरवाळे आणि रस. मॅडम प्रत्येक गोष्टीला विचारायच्या, "यात दूध?" आणि सुभद्रा म्हणायची, "नारळाचं." तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा मॅडम हसायला लागल्या. "अहो, तुम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या व्हीगन आहात." मी मान डोलावली. जगनने माझ्याकडे बघितलं आणि तांब्यातलं पाणी प्यायला.

मग आईने दहीभात आणला. तिने स्वतः हाताने कालवलेला, वर तेलाची फोडणी, हिंग, उडदाची डाळ, कढीपत्ता. मॅडमनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घास घेतला. डोळ्यांच्या कडा ओल्या झालेल्या मला इथून दिसल्या. मला इतकं बरं वाटलं की म्हटलं, मॅडमना गार पाणी आणून देऊ या. उठलो, फ्रिज उघडला.

समोर बरणी. गळ्यापर्यंत भरलेली. चमचासुद्धा न लागलेली.

म्हणजे आईने म्हशीचं दही कालवलं होतं. म्हातारीने नेहमीच्या सवयीने डबा घेतला असणार. आणि तिथे मॅडम तिसरा घास उचलत होत्या. एक मन म्हणालं, गप्प बस, तिला आवडलंय, बदली टळलीय. पण आदल्या दिवशीचा सुभद्राचा बंद केलेला नळ आठवला, आणि मी ओरडलोच.

"मॅडम, तो घास खाली ठेवा. ते म्हशीचं आहे."

घास हवेतच थांबला. आणि मी एकदा सुरू झालो तो थांबेना. "चूक आमची आहे. म्हणजे माझी. मी व्हीगन नाही मॅडम. कधीच नव्हतो. त्या दिवशी मी केक खाल्ला होता, दोन तुकडे. आमच्या घरात रोज मासे असतात. माझी सासुरवाडी कोळ्यांची. शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये आत्ता पापलेट आहे. मी खोटं बोललो कारण मला चंद्रपूरला जायचं नव्हतं. आणि मार्चमध्ये मी आजारी म्हणून सुट्टी घेतली होती तेव्हा मी आजारी नव्हतो."

(हे शेवटचं कोणी विचारलं नव्हतं.)

सुभद्रा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग आहे की आणखी काही, ते मला कळेना. आई मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोण म्हणता म्हशीचा?"

"आई, बरणी भरलेली आहे तशीच."

"ती भरलेलीच असतली. ती सुंगटाच्या लोणच्याची बरणी. धुतली म्हणान काय झाला? नवसाचा माणूस जेवूक येतला, तेचा दही सुंगटाच्या बरणीत? माका बरा वाटला नाय. तू न्हाऊक गेलंस तेव्हा मी ता नैवेद्याच्या टोपात काढलंय. मगे बरणी रिकामी कित्याक ठेवूची, म्हणान म्हशीचा तेच्यात ओतलंय." आणि तिने टोप उचलून दाखवला. टोपाच्या तळाला सुभद्राच्या दह्याची सायीसारखी कड, आणि तिला चिकटलेला एक हिरवा मिरचीचा देठ.

सुटलो रे बाबा, एवढंच मनात आलं. बाई बाटली नाही, आईचा हात शुद्ध, बायकोचा शब्द खरा. मग हळूहळू लक्षात आलं की सुटले ते हे सगळे. मी स्वतः जे जे बोलून बसलो होतो ते काही परत तोंडात घालता येणार नव्हतं.

मॅडमनी तो हवेतला घास आधी खाल्ला. सावकाश. मग म्हणाल्या, "चंद्रपूरचं माझ्या डोक्यातच नव्हतं. बरं झालं आठवण केलीत."

कोपऱ्यातून जगनचा आवाज आला, "मंग आता पापलेट आनू का?"

मॅडम हसल्या. अशा हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मी आणायला गेलो होतो ते पाणी अखेर सुभद्राने आणलं. आईने त्यांची पाठ चोळत विचारलं, "नवस पावलो काय गो तुझो?" मॅडमना काही कळलं नसणार, पण त्या म्हणाल्या, "तीन वर्षांनी दहीभात मिळाला आजी. पावलाच म्हणायचा."

मग त्या सुभद्राकडे वळल्या. "दही तुम्ही लावलंत? मग यांना चंद्रपूरला पाठवलं तर तुम्हीही जाणार असाल."

मी आशेने सुभद्राकडे बघितलं. आता फक्त "हो" म्हणायचं होतं. दह्यासाठी तरी बाईने मला इथे ठेवलं असतं.

"छे," सुभद्रा म्हणाली. "सासूबाईंना सोडून मी कुठे जातेय? हे जातील. दही इथेच लागेल, तुम्ही काळजी करू नका."

त्या क्षणी मी मनातल्या मनात चादरीची वळकटी बांधली. मॅडम विचारात पडल्या. दहीभाताची शेवटची शितं बोटाने निपटत त्या म्हणाल्या, "पण मग ऑफिसात डबा कोण आणणार?"

तर माझी बदली टळली ती अशी. पंचवीस वर्षांच्या सेवेमुळे नाही, की खरं बोललो म्हणूनही नाही. डबा पोचवायला माणूस हवा होता. आता मी दर सोमवारी दह्याचा डबा दोन्ही हातांनी धरून लालबागवरून चालत परळला जातो. गंगुबाई पोत्यावरून विचारतात, "लागलं का दही?" आणि मी मान हलवतो. केबिनमधून बोलावणं आलं की मी अजूनही प्रमोशनच्या आशेने कॉलर नीट करून आत जातो, आणि मॅडम सांगतात, "सुभद्राताईंना म्हणावं झाकण जरा घट्ट लावा, आज थोडं सांडलं."

घरी आईलाही ते दही आवडायला लागलंय. म्हशीचं बंद झालं. केकपुढे मी जे खोटं बोललो होतो ते दह्यापुरतं तरी खरं झालंय.

आणि सुभद्रा? ती आता माझ्याशी भांडत नाही. मी आवाज चढवला, पंखा कोणी बंद केला म्हणून कुरकुरलो, किंवा शेंगदाण्याची सालं काढायचा कंटाळा आला असं म्हणालो, की ती शांतपणे विचारते, "अहो, चंद्रपूरला उन्हाळा फार कडक असतो म्हणतात ना?"

मी परात पुढे ओढतो आणि सालं काढायला बसतो.